केआय-६७ वाढलं म्हणजे पेशीचक्र वेगवान झालं का?

प्रश्न असा आहे: औषध दिलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात केआय-६७ (विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन) असलेल्या पेशींची टक्केवारी वाढली, तर 'पेशीचक्राचा वेग वाढला' असं प्रबंधात लिहू का, आणि हा वेग ठरवतं कोण?

लिहू नका. हे वाक्य मी दरवेळी खोडतो आणि दरवेळी गाइडमंडळींशी वाद होतो. केआय-६७ जी-१ (डीएनए दुप्पट होण्याआधीचा टप्पा) पासून एम (प्रत्यक्ष विभाजन) पर्यंत सगळ्या टप्प्यांत असतं. पेशी चक्रात आहे एवढंच ते सांगतं; चक्र १२ तासांचं की २४ तासांचं, ते नाही. शिवाय चक्रातून बाहेर पडलेल्या पेशीत ते लगेच नाहीसं होत नाही, हळूहळू ओसरतं. रेशनच्या दुकानासमोर रांग लांबली म्हणून धान्य भराभर वाटलं जातंय असं कोणी म्हणत नाही. क्रिप्टमध्येही (आतड्याच्या अस्तरातला खळगा, जिथे पेशी विभागून वर सरकतात) विभाजनाचा पट्टा नुसता वर सरकला, म्हणजे पेशी उशिरा बाहेर पडल्या, तरी टक्केवारी वाढते. वेग तोच.

वेग हवा असेल तर दोन लेबलं लावा. एडयू आणि बीआरडीयू ही नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारी रसायनं. आधी एडयू, २ तासांनी बीआरडीयू, दोन्ही पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, ५० मिग्रॅ प्रतिकिलो. त्यानंतर ३० मिनिटांनी ऊती घ्या. फक्त एडयू असलेल्या पेशी म्हणजे त्या २ तासांत एस टप्पा (डीएनए दुप्पट होण्याचा) संपवून गेलेल्या. बीआरडीयू असलेल्या सगळ्या म्हणजे अजून एस मध्ये असलेल्या. समजा पहिल्या २० आणि दुसऱ्या ८० निघाल्या, तर एस टप्पा २ × ८०/२० = ८ तास. केआय-६७ पेशी १२० असतील तर पूर्ण चक्र ८ × १२०/८० = १२ तास. केआय-६७चा खरा उपयोग इथे.

घोटाळे ठरलेले आहेत. बीआरडीयू ओळखणाऱ्या बऱ्याच अँटीबॉडी (विशिष्ट रेणूला चिकटणारी प्रथिनं) एडयूलाही चिकटतात, मग 'फक्त एडयू' पेशी दिसतच नाहीत आणि एस टप्पा भलताच लांब निघतो. एडयूला न चिकटणारी मोबू-१ क्लोनची अँटीबॉडी वापरा, आणि फक्त एडयू दिलेला एक उंदीर कंट्रोल म्हणून ठेवाच. बीआरडीयूसाठी २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, त्यात केआय-६७चा रंग फिका पडू शकतो. केआय-६७ शेजारच्या सेक्शनवर (त्याच ऊतीच्या लगतच्या कापावर) करा. आतडं झपाट्याने सडतं, म्हणून आधी फॉर्मॅलिन, गप्पा नंतर. सगळे उंदीर दिवसाच्या एकाच वेळी मारा आणि सारखेच खाल्लेले ठेवा. एस मधल्या पेशींचं प्रमाण घड्याळाप्रमाणे आणि उपासानेही बदलतं. तळापासून तोंडापर्यंत उभे कापलेले क्रिप्टच मोजा. आणि एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे उंदीर, क्रिप्ट नव्हे!

आता वेग कोण ठरवतं. तळाशी पॅनेथ पेशी (तिथल्या स्टेम सेलना आधार देणाऱ्या) आणि भोवतालच्या ऊतीतून विंट (पेशींना विभागत ठेवणारा संकेत) मिळतो. त्या संकेताने बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ-४ ही प्रथिनं मिळून सी-मिक हे जनुक चालू ठेवतात, सी-मिक पी-२१ला (चक्राचा ब्रेक) दाबून धरतं. पी-२१ दबलेलं असलं की सायक्लिन-सीडीके जोड्या (चक्र पुढे ढकलणारी एन्झाइमं) आरबीला फॉस्फेट लावतात, आरबीने अडवून धरलेलं ई-२-एफ सुटतं, पेशी एस मध्ये जाते. वर सरकताना विंट कमी, बीएमपी (विंटच्या उलट काम करणारा संकेत) जास्त, पी-२१ वर येतं आणि चक्र जी-१ मध्येच थांबतं. बाकी पाठ्यपुस्तकात आहे.

एक राहिलं. वरचं गणित स्थिर अवस्थेतल्या, साधारण एकाच वेगाच्या पेशींसाठी आहे. तळातल्या एलजीआर-५ ही खूण असलेल्या स्टेम सेल (मूळ पेशी) साधारण दिवसाला एकदा विभागतात, वरच्या ट्रान्झिट अॅम्प्लिफायिंग पेशी (स्टेम सेलपासून झालेल्या, भराभर विभागणाऱ्या) १२ तासांच्या आसपास. म्हणून आकडे क्रिप्टमधल्या पातळीनुसार वेगळे काढा. किरणोत्सर्गानंतर किंवा ५-एफयू या कर्करोगाच्या औषधानंतर पुढचे काही दिवस हे गणित लागूच होत नाही. माणसाच्या बायोप्सीत इंजेक्शनचा प्रश्नच नाही, तिथे केआय-६७वरच भागवावं लागतं. तिथे 'विभाजनक्षम पेशींचं प्रमाण' लिहा. तुमचे उंदीर संपले असतील तर तुम्हीही तेच लिहा. नवे घेणार असाल तर जादा इंजेक्शनांसाठी प्राणी नीती समितीची दुरुस्त मंजुरी आधी काढा.