गर्भपात की भ्रूणहत्या?

प्रश्न सोलापूरच्या एका महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेचा आहे. विषय ‘भ्रूणहत्या कायदेशीर असावी का?’ असा लिहावा की ‘गर्भपात कायदेशीर असावा का?’ असा?

‘गर्भपात’ लिहा. ‘हत्या’ म्हटलं की निकाल विषयातच लागला, मग एका बाजूच्या वक्त्यानं बोलायचं काय? भ्रूणहत्या हा शब्द मुळातच पातकाच्या यादीतला. वसिष्ठ धर्मसूत्रात ब्राह्मणाला मारणारा आणि ‘अविज्ञात’ (मुलगा की मुलगी हे न कळलेला) गर्भ मारणारा, दोघेही ‘भ्रूणहा’ (भ्रूणहत्या करणारे) आहेत. अलीकडे ‘स्त्रीभ्रूणहत्या’ शब्द मोहिमांमधून घरोघरी गेला आणि त्यातून एक घोटाळा झाला: गर्भपातावरच बंदी आहे, असं पुष्कळांना वाटतं. सोनोग्राफी सेंटरवरची पाटी नीट वाचा. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ गर्भपाताचा तिथे उल्लेखही नाही. लिंगनिदानाला बंदी १९९४च्या कायद्यानं आहे, गर्भपाताला सशर्त मुभा १९७१च्या.

आता ‘गर्भपात’ तरी नेमका काय? सुश्रुतानं चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर स्राव आणि पाचव्या-सहाव्यात गेला तर पात, असा भेद केलाय; सुतकाचे नियमही हीच विभागणी पाळतात. दोन्ही शब्द आपोआप घडण्याबद्दलचे. आजच्या मराठीत एकटा ‘गर्भपात’ दोन्हीकडे राबतो, त्यामुळे भार क्रियापदावर येतो. ‘तिचा गर्भपात झाला’ म्हणजे आपोआप. ‘तिनं गर्भपात करून घेतला’ म्हणजे ठरवून. बातमीत सरसकट ‘झाला’ छापतात आणि वाचणारा गोंधळतो. बोलीतलं ‘पोट पाडणं’ स्पष्ट आहे, पण त्यात दूषण आहे. ‘पिशवी साफ केली’ आपोआप गर्भ गेल्यावरच्या क्युरेटिंगलाही (गर्भाशय खरवडून साफ करण्यालाही) म्हणतात, तेव्हा त्यावरून काहीच ठरवू नये.

खरी अडचण ‘कायदेशीर असावा का’ यात आहे. हा प्रश्न अमेरिकेत जिवंत आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपात हा घटनेनं दिलेला हक्क मानणारा स्वतःचाच १९७३चा निकाल २४ जून २०२२ रोजी फिरवला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. आपल्याकडे गर्भपात घडवून आणणं मुळात गुन्हाच आहे (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२, आता भारतीय न्याय संहितेचं ८८) आणि १९७१चा कायदा हा त्याला अपवाद. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४मध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अविवाहितांनाही २४ आठवड्यांची तरतूद लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलं. म्हणून विषय असा मांडा: ‘गर्भपातासाठी डॉक्टरच्या मताची अट काढून निर्णय बाईवर सोपवावा का?’ यावर इथे खरंच दोन मतं आहेत.

आठवड्यांचे महिने करताना जपून. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, गर्भ राहिल्यापासून नाही. फरक साधारण दोन आठवड्यांचा. २० आठवडे म्हणजे १४० दिवस, साडेचार महिन्यांच्या थोडं वर. ‘पाचवा लागलाय’ आणि ‘पाच झाले’ यातला फरक मराठी बाईला सांगावा लागत नाही, पण भाषणात ‘पाच महिने’ म्हणताच तो पुसला जातो. २४ आठवड्यांनाही ‘सहा महिने’ म्हणू नका, ते साडेपाचच.

स्पर्धेत सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरची मुलं असतील तर एक सूचना: तेलुगूत ‘गर्भस्रावम्’ दोन्ही अर्थांनी चालतो. ती मराठीत बोलताना ‘गर्भस्राव’ म्हणतील तेव्हा परीक्षकांनी लगेच ‘आपोआप झालेला’ असा अर्थ धरू नये.