१९६४ची उघडी लिंकन कॉन्टिनेन्टल : टप अर्ध्यात अडकतो, तरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत १९६४ची चार दारांची लिंकन कॉन्टिनेन्टल कन्व्हर्टिबल विकायला आहे. टप अर्ध्यावर येऊन थांबतो आणि विकणारा म्हणतो, "काही नाही हो, एखादा रिले गेला असेल." (रिले म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच.) ती घ्यावी, की जास्त पैसे मोजून टप नीट चालणारी १९६७ची घ्यावी? शिवाय घरच्या गराजात ती मावेल का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी निकाल सांगतो. खालचा पत्रा शाबूत असेल तर ६४ची घ्या. पत्रा सडला असेल तर टप कितीही झोकात उघडू दे, दोन्हींपैकी कुठलीच घेऊ नका.

आता कारणं. या गाडीला स्वतंत्र चासी नाही. १९६१ ते ६७ची कॉन्टिनेन्टल म्हणजे एकसंध पत्र्याचा सांगाडा आहे. सेडानमध्ये छतही थोडाफार भार घेतं, उघड्या गाडीत छतच नाही, म्हणून सगळा ताण दारांखालच्या उंबऱ्यांवर आणि फरशीवर येतो. त्यात दारंही चार, म्हणजे मध्ये मोठं भगदाड. सांगाड्याची थरथर दाबायला लिंकनच्या इंजिनिअरांनी उघड्या गाडीच्या कोपऱ्यांत वेगळी जड वजनं बसवली होती. गाडी सव्वादोन टनांच्या वर जाते ती काही उगाच नाही. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते या उंबऱ्यांत आतून बसतं. वरून रंग चकाचक, आत पोकळ. लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरून गुळगुळीत केलेला पत्रा डोळ्यांना कळत नाही, म्हणून खिशात लहानसं लोहचुंबक घेऊन जा आणि उंबऱ्यांच्या खालच्या कडेने, मागच्या चाकांच्या कमानींवर, डिकीच्या कोपऱ्यांत फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी आहे.

दुसरी परीक्षा दारांची. पुढची दारं नेहमीसारखी उघडतात, मागच्यांच्या बिजागऱ्या मागे आहेत. दोन्ही दारं मधल्या बुटक्या खांबाला येऊन मिळतात. तिथली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. वर रुंद आणि खाली चिंचोळी असेल, किंवा दार लावताना उचलून धरावं लागत असेल, तर सांगाडा मधून खचलाय. हे काम टपाच्या दसपट खर्चाचं आहे, आणि ते नीट करणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.

त्या उलट्या दारांची गोष्ट मात्र मजेशीर आहे. ही गाडी मुळात लिंकन म्हणून आखलीच नव्हती. फोर्डचा आरेखक एल्वुड एंगेल याने १९६१च्या थंडरबर्ड या फोर्डच्या गाडीसाठी एक नमुना केला होता. लिंकनची मालक कंपनी फोर्ड, आणि तेव्हा तिथे रॉबर्ट मॅकनमारांचा शब्द चाले (पुढे व्हिएतनामच्या काळात संरक्षणमंत्री झाले तेच). १९५८पासूनच्या अवाढव्य लिंकन गाड्यांनी कंपनीचे इतके पैसे बुडवले होते की लिंकन बंद करायचा विचार चालू होता. मॅकनमारांनी तो नमुना पाहिला आणि विचारलं, याला चार दारं लावून लिंकन करता येईल का? करता आली. नवी गाडी आधीच्या लिंकनपेक्षा सव्वा फुटाच्या आसपास आखूड निघाली. पण इतक्या आखूड गाडीत मागच्या सीटवरून उतरताना पाय दाराला अडकायला लागले, म्हणून बिजागरी मागे नेली. लोक आज त्या दारांना ऐट समजतात, ती मुळात पायांची सोय होती.

त्या काळी कॅडिलॅकच्या शेपट्यांना पंख फुटलेले आणि क्रोमचा नुसता पूर आलेला. त्यात ही सरळ रेघांची, जवळजवळ कोरी गाडी आली. १९६१ साली अमेरिकेच्या औद्योगिक संकल्पकांच्या संस्थेने तिच्या आरेखकांना पदक दिलं. माझ्या मते युद्धानंतरच्या अमेरिकन गाड्यांत इतकी शहाणी गाडी दुसरी नाही, पण यावर भांडायला बरेच जण तयार असतात.

आता टपाकडे येऊ, कारण विकणारा तुम्हाला गंडवतोय तो इथेच. कदाचित त्यालाही माहीत नसेल. 'एखादा रिले' हे खरंही असू शकतं, पण या यंत्रात रिले, मर्यादा स्विच, मोटारी आणि हायड्रॉलिक पंप यांची सबंध साखळी आहे. कल्पना फोर्डच्या १९५७ ते ५९च्या स्कायलायनर गाडीची, जिचं लोखंडी छत डिकीत दुमडून जायचं. लिंकनमध्ये तसंच कापडी टपासाठी केलंय. बटण दाबलं की आधी डिकीच्या झाकणाचे स्क्रू सुटतात. मग झाकण पुढच्या बाजूने उचललं जातं, कारण त्याची बिजागरी मागे आहे. झाकणाची पुढची पट्टी सरळ होते, टप विंडशील्डवरून सुटतो, दुमडून डिकीत बसतो आणि झाकण परत खाली येऊन स्क्रूंनी आवळलं जातं. बाहेर टपाचा मागमूस राहत नाही. डिकीत मग पिशवीलाही जागा उरत नाही, हा त्यातला तोटा.

प्रत्येक पायरी पूर्ण झाली हे सांगणारा एकेक स्विच आहे. त्याने होकार दिल्याशिवाय पुढची मोटार हलत नाही. म्हणून टप अर्ध्यावर थांबला तर तो नेमका कोणत्या पायरीवर थांबला हेच सगळ्यात मोलाचं. विकणाऱ्याला सांगा, इंजिन चालू ठेवून बटण दाब आणि व्हिडिओ काढून पाठव. दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर दोष बहुधा त्या पायरीच्या स्विचमध्ये किंवा रिलेत आहे, आणि हे काम घरच्या घरी मल्टिमीटर घेऊन होतं. जागा बदलत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा, कारण व्होल्टेज कमी पडलं की ही साखळी कुठेही दम टाकते. पंपाचा आवाज येतो पण टप हलत नाही, म्हणजे तेल गळालंय किंवा सिलिंडर गेलाय. झाकण वर जाताना एका बाजूने मागे पडत असेल तर मात्र बटण लगेच सोडायला सांगा. मधोमध अडकलेल्या टपावर झाकण उतरलं की नळ्या वाकतात, आणि तिथून खर्चाला अंत नाही. जाणकार शेजारी असल्याशिवाय हाताने ओढाताण तर मुळीच नको.

हा सगळा घोळ असूनही मी ६४ घ्या म्हणतो, कारण टपाचे सुटे भाग मिळतात, मूळ दुरुस्ती पुस्तिकेत वायरिंगचे नकाशे आहेत आणि हे यंत्र तर्काने चालतं. गंजाला तर्क नसतो.

६४ आणि ६७ यांत फरक काय? ६४ला चाकांमधलं अंतर तीन इंचांनी वाढून १२६ इंच झालं, मागे बसणाऱ्यांना पाय पसरायला जागा मिळाली. इंजिन ४३० घनइंचाचं, ३२० अश्वशक्तीचं. संथ, जड आणि दणकट, आणि पेट्रोल पिणारं. ६७ला ४६२ घनइंचाचं येतं. ब्रेकचा फरक जास्त महत्त्वाचा. ६४ला चारही चाकांना ड्रम आहेत, पुढचे डिस्क ६५पासून आले. शिवाय ६४चा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) एकाच कप्प्याचा आहे. एक होज (तेलाची नळी) फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या सगळे होज बदला, आणि मूळपणाचा फार सोस नसेल तर दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवून घ्या. ६७ हे उघड्या कॉन्टिनेन्टलचं शेवटचं वर्ष, त्या वर्षी त्या २,२७६ बनल्या, ६४ला ३,३२८. ६७ची किंमत चढते त्यामागे ही दुर्मिळताही आहे. दुर्मिळतेने गाडी चांगली चालत नाही.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. या लिंकनचे वायपर विजेवर चालत नाहीत, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालतात. स्टिअरिंगचं तेल सारखं कमी होत असेल आणि स्टिअरिंग बॉक्सखाली थेंब दिसत नसतील, तर वायपरची मोटार बघा.

केनेडींची गाडी हीच का, असं तुमच्या पत्नींनी विचारलंय म्हणता. जात तीच. १९६१ची उघडी कॉन्टिनेन्टल सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट कंपनीने कापून लांब केली होती. डॅलसमध्ये त्याच गाडीत केनेडींची हत्या झाल्यावर तिला चिलखत आणि पक्कं छत बसवलं, पुढची कित्येक वर्षं ती अध्यक्षांच्या सेवेत होती, आणि आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात उभी आहे. तुम्ही इकडे आलात तर जरूर बघा. आपल्याकडचा धागा मला जास्त आवडतो. डिसेंबर १९६४मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले तेव्हा त्यांच्यासाठी पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल होती. जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी पैसे उभे केले. तुमच्या घरात कुणी त्या वेळचे मुंबईकर असतील तर विचारून बघा.

गराजचं म्हणाल तर गाडी १८ फूट लांब आहे. बऱ्याच घरांचं गराज आतून २० फुटांचं असतं, म्हणजे भिंतीवरचे कपाट आणि सायकली आधी हलवा. डिकीचं झाकण उभं राहतं तेव्हा वर किती उंची लागते तेही मोजा, नाहीतर टप उघडायला दर वेळी अंगणात यावं लागेल.

ओहायोला जायच्या आधी विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागवा. टपाचा तो व्हिडिओ, आणि गाडी उचलून दोन्ही उंबऱ्यांचे खालून काढलेले फोटो. खालचे फोटो द्यायला तो टाळाटाळ करू लागला तर पेट्रोल जाळू नका.