दिनविशेष : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडलेली चारही पत्रे कोकण किनाऱ्यावरची आहेत आणि चौघांचीही अडचण थोड्याफार फरकाने सारखीच आहे. घटना माहीत आहे, ठिकाण माहीत आहे, पण तारखेशी त्यांची गाठ नीट बसत नाही. सुरुवात अर्थातच विजयदुर्गापासून करू, कारण त्या विषयावर या सदराकडे दर पावसाळ्यात एक तरी पत्र येते.

प्रश्न : आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहितात. १८ ऑगस्टला आम्ही दरवर्षी ‘१८६८ साली याच दिवशी लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला’ असे लिहीत आलो. यंदा एका पालकांनी ते चूक असल्याचे सांगितले. किल्ल्यावर साहेबाचे ओटे, म्हणजे दुर्बिणी मांडण्यासाठीचे चौथरे, तर आजही आहेत. मग फळ्यावर काय लिहावे? (एक शिक्षिका, देवगड तालुका)

उत्तर : पालकांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र तुमचे वाक्य सर्वस्वी चुकीचे आहे असेही नाही. त्यातली तारीख खरी आहे, माणूस खरा आहे आणि किल्लाही खरा आहे. अडचण एवढीच, की जवळजवळ तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन ग्रहणांची त्यात एकच गोष्ट झाली आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून भारतात आली आणि कोकण, विजापूर, गुंटूर या पट्ट्यातून बंगालच्या उपसागराकडे गेली. त्या ग्रहणात खग्रास अवस्था जास्तीत जास्त ६ मिनिटे ४७ सेकंदांची होती आणि वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणारे उपकरण, घेऊन सूर्याभोवतीच्या ज्वाळा पाहण्याची शास्त्रज्ञांना मिळालेली ती पहिली मोठी संधी होती. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला थांबले. ब्रिटिशांची टेनंट यांची तुकडीही गुंटूरलाच होती, तर लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ दिला होता. विजयदुर्ग सावलीच्या पट्ट्यात येत होता, परंतु लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते आणि भारतातही नव्हते. ते लंडनमध्ये होते. युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करणारे ते गृहस्थ होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला दुसरी एक गोष्ट पुस्तकाशिवायही सुचायला हवी होती, असे मला नेहमी वाटते. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावण अमावास्या, म्हणजे पिठोरी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून जेमतेम पंधरा दिवस झालेले असताना, विलायतेहून नाजूक काचा आणि दुर्बिणी आणून त्या कोकणातल्या बुरुजावर मांडायच्या आणि नेमक्या पाच-सहा मिनिटांसाठी आभाळ उघडेल अशी आशा धरायची, असा बेत कोणी जाणता माणूस करणार नाही.

आता हेलियमकडे वळू. गुंटूरला जान्सेन यांना ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यांतली एक पिवळ्या भागात होती. त्या रेषा इतक्या ठळक होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. इकडे लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाची वाट न पाहता, लंडनमधूनच त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा एकाच पदकावर कोरल्या. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या अगदी जवळ होती, पण त्यांच्यावर नव्हती. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत लॉकियर यांनी ती प्रयोगशाळेतल्या ज्ञात वायूंशी जुळवून पाहिली, ती कशाशीही जुळेना, तेव्हा हे सूर्यातले वेगळेच मूलद्रव्य असावे असे ठरून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॅमसे यांनी ते युरेनियमच्या एका खनिजातून वेगळे केले. म्हणजे ‘शोधाचा दिवस’ कोणता, हाच मुळात वादाचा प्रश्न आहे. १८ ऑगस्ट हा दिवस त्या कथेचा आरंभ मानता येतो, एवढेच.

मग ओटे कोणाचे? ते लॉकियर साहेबांचेच, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचे. त्या दिवशी सावली आपल्याच किनाऱ्यावर उतरली आणि ईशान्येला बक्सरच्या दिशेने गेली. तोवर नामवंत झालेले लॉकियर आपली तुकडी आणि उपकरणे घेऊन विजयदुर्गाला आले आणि ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला हेही तेथेच होते. नायगमवालांचे नाव आपल्या फळ्यांवर कधीच दिसत नाही, याची मला साहेबाच्या ओट्यांपेक्षा अधिक खंत वाटते. खग्रास अवस्था या वेळी दोनेक मिनिटांचीच होती, पण पौषातले कोकणचे आभाळ कसे असते हे तुम्हांला सांगायला नको.

तेव्हा १८ ऑगस्टला ‘१८६८ : खग्रास सूर्यग्रहण, जान्सेन यांचे गुंटूर येथील निरीक्षण, हेलियमच्या शोधाचा आरंभ’ असे लिहावे. त्या दिवशी विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो, तो जरूर व्हावा. परंतु किल्ल्याचे नाव फळ्यावर आणायचे असेल, तर त्याचा हक्काचा दिवस २२ जानेवारी आहे. मुलांना ओट्यांवर नेऊन उभे करायलाही तोच दिवस सोयीचा, कारण ऑगस्टमध्ये तिथल्या दगडांवरच्या शेवाळावर पाय ठरत नाही.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली असे आम्ही शाळेत शिकलो. आता माझा मुलगा कुठेतरी वाचून ती ५ डिसेंबरला झाली असे सांगतो. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो आणि २०२३ साली त्याचा सोहळा आमच्याकडेच झाला, तेव्हा त्याच्याशी मेळ घालण्यासाठी तारीख सरकवली की काय, अशी शंका येते. (एक वाचक, मालवण)

उत्तर : तारीख कोणीही सरकवलेली नाही. तुमची तारीख आणि चिरंजीवांची तारीख एकाच दिवसाच्या आहेत. मूळ नोंद मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६ अशी आहे. तिचे इंग्रजी तारखेत रूपांतर करताना जुने ज्युलियन कालमापन धरले तर २५ नोव्हेंबर येते आणि आज भिंतीवर लावतो ते ग्रेगोरियन धरले तर ५ डिसेंबर.

हा घोळ समजून घ्यायला कोकण किनाऱ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने शतकानुशतके चूक साठत गेली होती. पोप ग्रेगरी यांनी ती १५८२ साली दुरुस्त केली आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगाल कॅथलिक असल्याने त्याने हे तत्काळ मानले. इंग्लंडने मात्र पोपची दुरुस्ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्या साली तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उगवला. परिणाम असा, की वसई आणि चौल येथील फिरंगी सतराव्या शतकात मुंबईच्या इंग्रजांपेक्षा दहा दिवस पुढे होते आणि १७०० नंतर अकरा दिवस. मधली खाडी ओलांडली की तारीख बदलत असे. आपली माणसे तिथी आणि शक लिहीत असल्याने या भांडणापासून दूर होती.

रायगडावरचा राज्याभिषेक घ्या. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. मुंबईहून वकील म्हणून आलेला हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर होता आणि त्याच्या गणतीने तो दिवस ६ जून १६७४ होता. त्याच सकाळी चौलच्या फिरंग्याने कागदावर १६ जून घातला असता. पडताळा पाहायचा असेल तर चंद्राकडे पाहावे: १६७४ च्या जूनमध्ये शुद्ध त्रयोदशी ग्रेगोरियन १६ तारखेशीच जुळते, ग्रेगोरियन ६ जूनला चंद्र नुकता दिसू लागला असता. म्हणून ६ जून ही जुन्या पद्धतीचीच तारीख आहे, यात शंका राहत नाही. मराठी इतिहासलेखनात १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीने देण्याचा प्रघात पडला आणि शाळेच्या पुस्तकांत त्याच रुळल्या. वसईच्या तहाची १६ मे १७३९ ही तारीख मात्र नव्या पद्धतीने रूढ झाली, कारण शरण येणारे पोर्तुगीज होते. इंग्रजी गणतीने तो ५ मे. तेव्हा एकाच पानावर सिंधुदुर्ग आणि वसई यांच्या तारखा वाचताना आपण नकळत दोन वेगळ्या कालमापनांत वावरत असतो. विजयदुर्ग इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये, म्हणजे सुधारणेनंतर. त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

राहिला नौदल दिन. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ती आठवण आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी नव्या पद्धतीने अगदी दुसऱ्या दिवशी यावी हा निव्वळ योगायोग आहे. गोड आहे, पण योगायोगच. घरात वाद नको असेल तर मार्गशीर्ष वद्य द्वितीया धरा. ती दोघांनाही नाकारता येणार नाही.

प्रश्न : कोकण रेल्वेचा वाढदिवस कोणता धरावा? (एक निवृत्त कर्मचारी, चिपळूण)

उत्तर : कशाचा वाढदिवस म्हणता, त्यावर अवलंबून आहे. कंपनीची नोंदणी १९ जुलै १९९० ची आहे. मंगळुरू ते उडुपी हा पहिला टप्पा मार्च १९९३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. आणि सलग मार्गावरून गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मध्ये इतका काळ जाण्याचे एक मोठे कारण पेडण्याचा बोगदा, जिथे मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. आपल्या भागातल्या माणसाच्या दृष्टीने २६ जानेवारी हीच तारीख खरी मानावी, कारण मंगळुरूला गाडी आली म्हणून चिपळूणच्या माणसाची रातराणी सुटली नव्हती.

प्रश्न : आमचे पणजोबा ‘रामदास’ बोटीबरोबर बुडाले. आजी सांगत असे, की श्रावण लागायच्या आदल्या अमावास्येला हे घडले. काकांनी जुनी जंत्री पाहिली, तर १९४७ साली श्रावणाच्या आधीची अमावास्या १६ ऑगस्टला दिसते. म्हणजे बोट स्वातंत्र्यानंतर बुडाली का? (एक वाचक, अलिबाग तालुका)

उत्तर : नाही. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी, बुडाली. आजींची आठवणही बरोबर आहे आणि काकांची जंत्रीही. फक्त काकांनी श्रावण दुसरा पाहिला. शके १८६९ मध्ये श्रावण अधिक होता. आषाढ अमावास्या १७ जुलैला लागली आणि १८ ला संपली. त्यानंतर अधिक श्रावण सुरू झाला, तो १६ ऑगस्टच्या अमावास्येपर्यंत चालला आणि मग निज श्रावण आला. १५ ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन हा त्यामुळे अधिक महिन्यातला. काकांनी निज श्रावणाच्या आधीची अमावास्या धरली. आजी बोलत होत्या ती आषाढातली, गटारीची.

अमावास्येसाठी मुंबईतून घरी निघालेल्यांची गर्दी त्या बोटीवर होती. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात आणि लाटांत ती सापडली, घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले आणि बोट कलंडून काही वेळातच पाण्याखाली गेली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी वाचवले. होड्यांतली मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसे आत घेतली. पुढच्या महिनाभरात स्वातंत्र्य आणि फाळणी यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली, त्यामुळे रायगड आणि रत्नागिरीच्या घराघरांबाहेर ही तारीख फारशी उरली नाही.

श्राद्धासाठी विचारत असाल तर एक बारकावा सांगतो. अमावास्या १७ जुलैला लागली खरी, पण ती दिवस वर आल्यावर; बोट बुडाली त्या घटकेला चतुर्दशी होती की अमावास्या, हे त्या वर्षीच्या पंचांगातल्या घटी-पळांवरून पाहावे लागेल. तो निर्णय तुमच्या घरच्या उपाध्यायांना विचारून घ्या. त्यांना पंचांग शके १८६९ चे, महिना आषाढ, आणि वेळ सकाळी साडेआठच्या आसपासची, एवढे सांगितले म्हणजे पुरे.