'निवृत्तिवेतन', 'पेन्शन' आणि 'परिभाषित अंशदान'

प्रश्न असा आला आहे: जुन्या पेन्शनच्या वादाविषयी वाचताना एकाच गोष्टीला कोठे 'पेन्शन', कोठे 'निवृत्तिवेतन', तर कोठे दीर्घ 'ती' घालून 'निवृत्तीवेतन' म्हटलेले आढळते. नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या पैशाला 'वेतन' म्हणणे योग्य आहे का, शासन निर्णयांतला 'परिभाषित अंशदान' हा शब्द नेमके काय सांगतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे काय?

आधी 'वेतन'. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला, ही समजूत बरोबरच आहे. मात्र काम ज्या महिन्यात झाले त्याच महिन्यात मोबदला हातात पडला पाहिजे, अशी अट त्या शब्दात नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या पगाराचे एक प्रकरण आहे. कामावर असताना मरण पावलेल्या सेवकाच्या बायकामुलांना 'भक्तवेतन', म्हणजे शिधा आणि पगार, मिळावे असे तेथे सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याच्या घरातील बालके, वृद्ध आणि आजारी यांच्यावर 'अनुग्रह' करावा असे म्हटले आहे. एक शब्द देण्याचा, दुसरा कृपेचा, आणि दोन्ही अगदी शेजारी. आजच्या शासकीय मराठीतही ही जोडी टिकून आहे. मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीला मिळते ते 'कुटुंब निवृत्तिवेतन', आणि महापालिकेच्या कामगारांना दिवाळीला मिळते ते 'सानुग्रह अनुदान'. त्याचा आकडा दर वर्षी नव्याने ठरतो आणि तो वाढवून घेण्यासाठी कामगार संघटनांना दर वर्षी नव्याने दार ठोठवावे लागते.

पेन्शन ही कृपा की मोबदला, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर १७ डिसेंबर १९८२ रोजी मिळाले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डी. एस. नकारा खटल्यात असे म्हटले, की निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, तर पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचे देणे आहे. सतरा डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. तेव्हा 'निवृत्तिवेतन' या समासातले 'वेतन' हे उत्तरपद चुकीचे नाही. उलट, कर्मचाऱ्यांच्या बाजूचा सगळा युक्तिवाद त्याच पदात आहे. ज्याचा काही भाग मागे ठेवला होता, ते वेतन आता मिळते आहे, असा त्याचा अर्थ. सरकारच्या बाजूने बोलणारे 'भार', 'बोजा', 'दायित्व' हे शब्द वापरतात. त्यांपैकी 'दायित्व' हा शब्द हिशेबाच्या दृष्टीने अचूक आहे, कारण जे देणे लागते तेच दायित्व होते. 'बोजा' म्हटले की मात्र देणे लागते ही गोष्टच झाकली जाते.

'पेन्शन' हा शब्द इंग्रजांबरोबर आला आणि आल्यापासूनच मराठी माणसाच्या दृष्टीने तो वादाचा राहिला आहे. १८१८ साली शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावांना कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये देऊन ब्रह्मावर्तास ठेवले. त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी, अशी बोली होती. १८५१ साली बाजीराव वारले तेव्हा ही पेन्शन व्यक्तीपुरती होती, घराण्याची नव्हे, असे सांगून डलहौसीने ती बंद केली आणि दत्तकपुत्र नानासाहेबांचे अर्ज थेट लंडनपर्यंत जाऊनही नामंजूर झाले. या रकमेला तेव्हा 'पेन्शन', 'नेमणूक', 'तनखा' असे वेगवेगळे शब्द लावले जात, आणि कोणता शब्द लावला यावर ती वारसाकडे जाते की नाही हे ठरू शकत होते. पुढे संस्थानिकांना मिळत गेला तो 'तनखा', आणि १९७१ साली घटनादुरुस्तीने रद्द झाला तोही तनखाच. त्याला पेन्शन म्हणण्याचा प्रघात पडला नाही.

बोलीत 'पेन्शन' पुरती मुरली आहे. ती बहुधा स्त्रीलिंगी चालते, तिचे 'पेन्शनी-' असे मराठी सामान्यरूप होते, आणि माणूस 'पेन्शनीत निघतो'. जुन्या सायकलीलाही आपण पेन्शनीत काढतो. सर्वांत बोलका वाक्प्रचार 'पेन्शन विकणे' हा आहे. निवृत्तिवेतनाचा काही भाग, कमाल ४० टक्के, आगाऊ एकरकमी घेता येतो आणि तेवढी रक्कम दरमहा कापली जाऊन १५ वर्षांनी पुन्हा सुरू होते. नियमांत याला 'अंशराशीकरण' म्हणतात. हा शब्द बिनचूक आहे, पण तो उच्चारताना कोषागारातला लिपिकही अडखळतो. कर्मचारी सरळ विचारतो, "पेन्शन विकली का?" विकता येते ती आपल्या मालकीची वस्तू, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क ही मालमत्ता आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितले होते.

आता 'परिभाषित अंशदान'. माझ्या मते प्रश्नाचा खरा गाभा येथे आहे.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी जुनी पद्धत बंद केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने हेच केले आणि १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना 'नवीन परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' (इंग्रजी आद्याक्षरांनी 'डीसीपीएस') लागू केली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे 'एनपीएस'मध्ये, मिसळली. तेव्हापासून सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांच्या शिक्षक खोल्यांत "तुम्ही २००५ च्या आधीचे की नंतरचे?" हा प्रश्न जातीपातीच्या चौकशीइतका सर्रास झाला आहे. पगारपत्रक पाहिले तरी उत्तर मिळते: आधीच्या माणसाच्या कपातींत 'भ. नि. नि.' म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा रकाना भरलेला असतो, नंतरच्याच्या पत्रकात 'डीसीपीएस' किंवा 'एनपीएस' असे लिहून मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम वजा केलेली असते.

जुन्या योजनेत, म्हणजे १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांत, पेन्शनसाठी पगारातून काही कापत नाहीत. पूर्ण पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी मिळते आणि तिच्यावर महागाईची वाढ मिळत जाते. शेवटी हातात काय पडेल हे येथे आधी ठरलेले आहे. नव्या योजनेत आधी ठरलेले आहे ते फक्त भरायचे पैसे, म्हणजे अंशदान: कर्मचाऱ्याचे दहा टक्के, सरकारचे सुरुवातीला तेवढेच आणि आता चौदा टक्के. ते बाजारात गुंतवले जातात. निवृत्त होताना जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे भरून पुढे नियमित मिळणारी रक्कम, विकत घ्यावी लागते, उरलेली एकरकमी मिळते. समजा, एखाद्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. जुन्या नियमांनी त्याला दरमहा ३०,००० आणि वर महागाई वाढ मिळेल. नव्या पद्धतीत त्याच्या खात्यात समजा ५० लाख साठले, त्यांतल्या २० लाखांची वार्षिकी घेतली आणि तिचा दर सहा टक्के धरला, तर महिन्याला १०,००० रुपये येतात आणि ते वर्षानुवर्षे तेवढेच राहतात. हातात ३० लाख रोख आलेले असतात हे खरे. पण ते पुरवायचे कसे ही जबाबदारी आता त्याची.

म्हणजे दोन योजनांतला फरक 'काय ठरलेले आहे' एवढाच आहे, आणि तो सांगण्याचे काम ज्या विशेषणावर सोपवले त्यालाच मराठीत तो अर्थ नाही. मराठीत 'परिभाषा' म्हणजे एखाद्या शास्त्राची खास शब्दावली. म्हणूनच आपण 'पारिभाषिक शब्द' आणि 'परिभाषा कोश' म्हणतो. इंग्रजी 'डेफिनिशन'ला मराठीत 'व्याख्या' हा शब्द आहे. परिभाषा म्हणजे व्याख्या हा अर्थ हिंदीतला, आणि 'परिभाषित' तेथूनच शासन निर्णयात उतरला असे दिसते. बरे, येथे व्याख्येचाही संबंध नाही. इंग्रजी 'डिफाइन्ड'चा येथला अर्थ 'आधी ठरवून दिलेले' एवढाच आहे. जुन्या योजनेला 'निश्चित लाभ' आणि नव्या योजनेला 'निश्चित अंशदान' असे म्हटले असते, तर २००५ साली रुजू झालेल्या शिक्षकाला योजनेच्या नावावरूनच कळले असते, की निश्चित आहे ती आपली कपात, आपली पेन्शन नव्हे. मी दोन्ही ठिकाणी 'निश्चित' वापरतो आणि आपणही वापरावा असे सुचवतो.

'अंशदान' या शब्दावर माझा तेवढा आक्षेप नाही. त्यातले 'दान' धर्मादायाचे नाही; मतदान, अनुदान, श्रमदान यांतल्याप्रमाणे ते नुसते 'देणे' आहे. तरीही भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत 'वर्गणी' आणि 'वर्गणीदार' हे शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असताना ते का टाकले, हे कोडेच आहे. कदाचित वर्गणीचे नाते गणपतीशी फार घट्ट वाटले असावे.

हे सगळे ध्यानात घेतले, की जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मार्च २०२३ मध्ये केलेल्या संपाची घोषणा इंग्रजी शब्दांत का होती हे समजते. १४ ते २० मार्च या काळात राज्यभर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' असे लिहिलेल्या टोप्या दिसत होत्या. 'निवृत्तिवेतन' हा शब्द तोवर दोन्ही योजनांच्या नावांत असल्यामुळे निरुपयोगी झाला होता. जे गेले ते ओळखायला 'जुनी' हे विशेषण पुरेसे होते, आणि त्याचा स्त्रीलिंगी ईकार पेन्शनीलाच लागतो. दुसऱ्या बाजूलाही विशेषणेच साचत गेली. 'एनपीएस'मधला 'एन' आरंभी 'न्यू'चा होता, पुढे 'नॅशनल'चा झाला. नाव बदलले, आद्याक्षर तेच राहिले आणि लोकांच्या तोंडी ती वीस वर्षांनीही 'नवीन'च आहे. त्यानंतर राज्याची 'सुधारित' योजना आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने 'एकीकृत' योजना जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने तिला लगेच होकार दिला. केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळणार आहे, आणि कर्मचाऱ्याची दहा टक्के कपातही चालू राहणार आहे. म्हणजे लाभही निश्चित आणि अंशदानही निश्चित. 'एकीकृत' या विशेषणातून यातले काहीच कळत नाही. कशाशी काय एक केले, हे नावात कोठेच नाही.

'निवृत्तिवेतन' हा शब्द चुकीच्या जागी बसल्याची उदाहरणेही आहेत, ती थोडक्यात सांगतो. 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने'तून निराधार वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई कोणत्या सेवेतून निवृत्त झाली? तेथे 'वृद्धापकाळ साहाय्य' हेच योग्य. गावात मात्र त्याला कोणी निवृत्तिवेतन म्हणत नाही, "निराधारचा पगार आला का?" असे विचारतात, आणि पोर्तुगीजांकडून आलेल्या 'पगारा'त ते बेमालूम बसते. माजी आमदारांच्या पेन्शनीचीही तीच गत. संपकरी दाखला द्यायचे तो तिचाच: एकदा निवडून आलेल्याला जन्मभर मिळते, मग तीस वर्षे खडू झिजवणाऱ्याला का नाही? आमदार निवृत्त होत नाही, तो पडतो किंवा त्याचे तिकीट कापले जाते, ही भाषिक अडचण त्या वादात अर्थातच कोणी काढली नाही.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. मराठी लेखनाच्या नियमांनुसार तत्सम इकारान्त शब्द सुटा आला, की त्याचे अंत्य अक्षर दीर्घ लिहितात: निवृत्ती, सेवानिवृत्ती, शक्ती, बुद्धी. तोच शब्द समासात पूर्वपद झाला, की मूळ संस्कृतातल्याप्रमाणे ऱ्हस्व राहतो: बुद्धिवाद, शक्तिप्रदर्शन, निवृत्तिवेतन, निवृत्तिवेतनधारक. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, तर दीर्घच: निवृत्तीनंतर, निवृत्तीचा दाखला. 'निवृत्तीवेतन' हे रूप कितीही शासकीय फलकांवर दिसले तरी नियमाला धरून नाही. 'पेन्शन' लिहिणाऱ्याला ही कटकट नाही, आणि चालू लेखनात तो शब्द बिनदिक्कत वापरावा; फक्त एका लेखात एकच शब्द ठेवावा आणि योजनेचे अधिकृत नाव देताना ते जसेच्या तसे द्यावे, मग त्यात 'परिभाषित' असले तरी.