थारचा हीटर स्पितीत का गारठतो?

(गाडीविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक लष्कराच्या ईएमईतून (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून) हवालदार म्हणून निवृत्त झाले असून आता साताऱ्यात गॅरेज चालवतात.)

प्रश्न : माझ्याकडे 2015 ची सॉफ्ट टॉप थार सीआरडीई आहे. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं शिमला-किन्नौर मार्गे स्पितीतल्या काझाला गेलो. रिकाँग पिओपर्यंत निभावलं. नाकोच्या पुढे हीटरमधून नुसती कोमट हवा येऊ लागली. पत्नीच्या पायाची बोटं बधिर झाली आणि काचेवर आतून बर्फ धरला. तापमानाचा काटा पाव घराच्या वर गेलाच नाही. पुण्यात एका गॅरेजनं हीटर कोर बदलायला सांगितलंय, त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागेल. यंदा पुन्हा जायचंय. कोर बदलू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजून डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य काट्याचं आहे. इंजिनच तापत नसेल तर नवा कोर काय देणार? हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनातलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजेच कोरमधून, फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, एवढंच त्याचं काम.

मला एक सांगा, ही गाडी कधी उन्हाळ्यात खंबाटकीत किंवा आंबोलीत तापली होती का? आणि तेव्हा कुणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला का? माझ्याकडे येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांत हे वारंवार दिसतं. घाटात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा आणि नुसतं झाकण बसवून द्यायचं. खरं दुखणं असतं चोंदलेल्या रेडिएटरचं, थकलेल्या वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) नाहीतर फॅनचं. थर्मोस्टॅट काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन कधीच नीट तापत नाही. साताऱ्यात ते जाणवत नाही, कारण इथे हीटर लावतो कोण? पण डिझेल जास्त लागतं, ऑइल खराब होतं, इंजिन झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वगळून आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. मी हे पोटतिडकीनं लिहितोय, कारण माझ्या नोकरीतले दोन हिवाळे लेहला गेले आणि हाताची बोटं वाकत नाहीत अशा अवस्थेत स्टिअरिंग धरणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. तिथे हीटर ही चैन नसते. काच साफ राहणं आणि ब्रेकवरचा पाय जागा असणं त्याच्यावर अवलंबून असतं.

तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपवर हात ठेवा, फॅन आणि बेल्टपासून बाही लांब ठेवून. थर्मोस्टॅट धड असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट एकतर नाही किंवा उघडा अडकलाय. काढून पाहायचा असेल तर तो जुन्या पातेल्यात पाण्यात टाका, सोबत थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. साधारण त्या अंशाला त्याचं तोंड उघडायला लागलं पाहिजे आणि पाणी निवल्यावर पुरतं मिटलं पाहिजे. ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे अंगणात सांडलेलं कुत्री चाटतात. ते लगेच धुऊन टाका.

आता कोरकडे. इंजिन चांगलं तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) शिरणाऱ्या हीटरच्या दोन नळ्या चाचपा. दोन्ही कोमट असतील तर दोष इंजिनाकडे, म्हणजे पुन्हा थर्मोस्टॅट. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर कूलंट पुढे जात नाही. वाटेत हीटर कॉक (कूलंट उघड-बंद करणारी तोटी) असेल तर आधी तो बघा. आपल्याकडे तो वर्षानुवर्षं बंदच राहतो आणि तसाच जाम होतो. आणि दोन्ही नळ्या कडक गरम असून हवा गार येत असेल, तर कूलंटचा काही दोष नाही. गरम-गार करणारा फ्लॅप, त्याची निसटलेली केबल किंवा ब्लोअर यांच्याकडे वळा.

कोर चोंदलाच असेल तरी बदलण्याआधी धुऊन बघा. दोन्ही नळ्या सोडवा आणि बागेच्या पाइपनं, नळाच्या मंद धारेनं, उलट्या दिशेनं पाणी सोडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जुना कोर फुटतो. माझ्याकडे एका बोलेरोच्या कोरमधून चहासारखं पाणी पंधरा मिनिटं येत होतं. तिच्या मालकानं सहा वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं होतं. तुमच्या गाडीत काय भरलंय ते आठवून बघा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आधी बारीक वाटेत बसतात, आणि हीटर कोरच्या वाटा सगळ्यात बारीक.

भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं घ्या. हे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, म्हणजे काझाच्या उणे 20-25 ला पुरून उरतं. एकतृतीयांश कूलंट घातलंत तर उणे 18 च्या सुमाराला गोठायला सुरुवात होईल. थंडी जास्त म्हणून निव्वळ कूलंट ओतू नका. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. डबा ‘प्रीमिक्स’ (आधीच पाणी मिसळलेला) असेल तर त्यात आणखी पाणी नको. भरून झाल्यावर गाडीचं नाक चढावर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन थंड असतानाच रेडिएटरची कॅप काढून सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट वर घालत राहा. हवा अडकली तर ती हीटरच्या नळ्यांत जाऊन बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. कॅपचं रबर चिरलं असेल तर तीही बदला. काझाच्या उंचीवर, म्हणजे साधारण 3,650 मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. तिथे कूलंट उकळू न देणारा दाब कॅपच धरून ठेवते.

हे सगळं नोव्हेंबरातच, घरी करा. मग एखाद्या पहाटे गाडी महाबळेश्वरला न्या. घाट चढून इंजिन तापलं की डॅशबोर्डच्या झरोक्यात थर्मामीटर धरा. ब्लोअर मधल्या वेगावर असताना 50 अंशांच्या वर हवा आली पाहिजे. ती 35-40 वरच अडली, तर नाकोत तुमचे पुन्हा तेच हाल होणार.

राहिला टप. चांगला हीटरही सॉफ्ट टॉपमधल्या वाऱ्यापुढे हरतो. रात्री गाडीत मोठा टॉर्च लावून बाहेरून बघा, जिथून उजेड दिसेल तिथून वारा येतो. दारांच्या खालच्या कडा, मागचा पडदा, दोन्ही गिअर लिव्हरची फाटलेली रबरं, फायरवॉलमधली निसटलेली ग्रोमेटं (भोकांतली रबरी बुचं) ही नेहमीची ठिकाणं. पायाखाली दहा मिलिमीटरचा फोम टाका, फक्त तो पेडलखाली सरकणार नाही असा बांधा. आणि पुढच्या सीटच्या मागे छतापासून खालपर्यंत घोंगडी टांगा. मशीनची नको, आमच्या माण तालुक्याकडच्या लोकरीची असते तसली जाड. दोघंच जाणार आहात, तर मागची अर्धी गाडी तापवायची कशाला? आरशात मागचं दिसत नाही, तेव्हा बाहेरचे दोन्ही आरसे नीट लावून घ्या. मात्र फटी बुजवण्याआधी सायलेन्सरची लाइन तपासून घ्या. गळका सायलेन्सर आणि बंद केबिन एकत्र आले की जीव जातो.

हवा ‘बाहेरून’ घेण्यावरच ठेवा. आतलीच हवा फिरवली तर लवकर ऊब येते, पण दोघांच्या श्वासाची वाफ काचेवर बसते आणि तिचाच तो बर्फ होतो.

प्रश्न : स्पितीकडचे ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. मीही लावावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थर्मोस्टॅट धड असल्यावरच लावा. मोडक्या थर्मोस्टॅटवर पुठ्ठा हा उपाय नाही. पुठ्ठ्यानं थंड वारा थेट इंजिनावर येत नाही आणि उतारावर काटा पडत नाही, हा खरा फायदा. अर्ध्याहून जास्त झाकू नका, टर्बोचा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) मोकळा ठेवा आणि पुठ्ठा जाळीच्या पुढे घट्ट बांधा, फॅनच्या बाजूला कधीही नाही. लांब चढाला काढा. उंचीवर हवा विरळ असल्यानं रेडिएटर कमी उष्णता टाकतो, त्यामुळे उणे तापमानातही लादलेली गाडी चढावर तापू शकते. परतताना तर आठवणीनं काढा.

प्रश्न : मी सोलापूरचा, सध्या लेहजवळ बांधकामाच्या साइटवर आहे. रात्री कधीकधी बोलेरो कॅम्परमध्येच झोपावं लागतं. इंजिन चालू ठेवलं तरी केबिन तापत नाही. लायटरच्या सॉकेटवरचा हीटर घेऊ का?
— एक वाचक, लेह

उत्तर : इंजिन चालू ठेवून झोपू नका. माझी ही एकच गोष्ट ऐकलीत तरी चालेल. बर्फानं सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कोळशाची शेगडी तर गाडीत मुळीच नको.

उभ्या गाडीत डिझेल इंजिन तापत नाही, कारण आयडलवर ते अगदी थोडं डिझेल जाळतं. थोडं डिझेल, थोडी उष्णता. सॉकेटचा हीटरही भागवणार नाही. 12 व्होल्ट आणि 15 अँपिअरचा फ्यूज म्हणजे जेमतेम 180 वॉट, आणि घरचा गीझर 2,000 वॉटचा असतो. तेवढ्यात काचेचा एक कोपरा साफ होईल, पण बॅटरी उतरेल आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही.

कंपनीकडे डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर मागा. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरावर तासाला साधारण पाव लिटर डिझेल घेतो. जळणाची हवा तो बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, पण ते दोन्ही पाइप पक्के बाहेर काढलेले हवेत आणि मॉडेल तिथल्या उंचीवर चालणारं हवं. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. टाकीत हिवाळी डिझेलच भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं ते 2019 च्या नोव्हेंबरात आणलं, उणे 33 अंशांपर्यंत ते प्रवाही राहतं. साधं डिझेल थंडीत मेणासारखं थिजलं तर इंजिन आणि पार्किंग हीटर दोन्ही बंद पडतील. हीटर मिळेपर्यंत उणे तापमानाची चांगली स्लीपिंग बॅग आणि साइटवरची खोली मागून घ्या. ते मागायला संकोच करू नका.