नवे एचडी चॅनल आले आणि जुन्यांचं चित्र पुसट झालं, दोष टीव्हीचा की कंपनीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या कंपनीने एकदम बरेच नवे एचडी चॅनल सुरू केले आणि तेव्हापासून तुम्ही आधीपासून बघत असलेले खेळाचे चॅनल पुसट वाटायला लागले. तोच चॅनल मित्राकडे, दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सवर, स्वच्छ दिसतो. घरी येऊन गेलेला माणूस म्हणाला, सिग्नल उत्तम आहे. मग हा भास आहे का, आणि टीव्ही बदलावा का?

भास नाही. आणि टीव्ही आत्ता बदलू नका. मी काही वर्षं एका केबल कंपनीच्या हेडएंडमध्ये रात्रपाळीला होतो. हेडएंड म्हणजे जिथे सगळे चॅनल गोळा होऊन पुढे घराघराकडे रवाना होतात ती जागा. तुम्ही जे सांगताय ते मी दुसऱ्या टोकाला उभं राहून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एचडी ही दोन अक्षरं फक्त चौकटीचं माप सांगतात. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. जुन्या ७२० गुणिले ५७६ च्या चित्रात ४,१४,७२० ठिपके होते, म्हणजे बरोबर पाचपट वाढ. पण हे ठिपके भरायला दर सेकंदाला किती माहिती पाठवली जाते, म्हणजे बिटरेट किती, हे त्या अक्षरांत कुठेच नसतं. स्टुडिओतून निघालेला एचडी सिग्नल सेकंदाला १.४८५ गिगाबिटचा असतो. आपल्या बॉक्सपर्यंत त्यातले साधारण ६ ते १२ मेगाबिट येतात. म्हणजे शंभर-दोनशे भागांतला एखादाच भाग घरी पोचतो. बाकीचं काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारं यंत्र, ठरवतो. तो हे काम थक्क व्हावं इतकं चांगलं करतो, पण त्याला पुरेसे बिट मिळाले तरच.

आता नव्या चॅनलचं बघू. केबलवर ८ मेगाहर्ट्झच्या एका कॅरियरमध्ये, म्हणजे अनेक चॅनल एकत्र वाहून नेणाऱ्या एका पट्ट्यात, माहिती भरण्याची २५६-क्वाम ही पद्धत वापरली तर, साधारण ५० मेगाबिट मावतात. आमच्याकडे अशा एका कॅरियरवर पाच एचडी चॅनल होते, प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. एके रात्री त्याच कॅरियरवर आणखी तीन चढवायचे होते. नवी जागा नव्हती, नवं यंत्र नव्हतं. आम्ही आकडे भरले, मल्टिप्लेक्सरने, म्हणजे एका कॅरियरवरचे बिट चॅनलांत वाटणाऱ्या यंत्राने, नवी विभागणी केली आणि सरासरी १० ची ६ च्या आसपास आली. सकाळी जाहिरातीत ‘तीन नवे एचडी चॅनल’ झळकले. जुन्या पाचांचं काय झालं हे त्यात कुठे येणार?

ही विभागणी ठरीव वाट्यांची नसते, हे समजणं महत्त्वाचं आहे. मल्टिप्लेक्सरच्या पडद्यावर प्रत्येक चॅनलची एक रंगीत पट्टी असते आणि सगळ्या पट्ट्या मिळून एकच ठरलेली उंची भरतात. बातम्या वाचणारा माणूस स्थिर बसलाय, तर त्याची पट्टी खाली येते. तेवढ्यात शेजारच्या चॅनलवर कोणी चेंडू घेऊन धावत सुटलं की त्याची पट्टी वर चढते. एकाचं उरलेलं दुसऱ्याला. हे बघत तासन्‌तास बसता येतं, इतकं ते जिवंत वाटतं. सोबतचे चॅनल शांत असतील तर सगळं सुरळीत. पण एकाच कॅरियरवर दोन सामने, एक संगीताचा कार्यक्रम आणि एक मारधाडीचा सिनेमा एकाच वेळी आले की सगळ्यांना एकाच क्षणी जास्त हवं असतं आणि द्यायला कोणाकडेच काही शिल्लक नसतं. त्यात प्रत्येक चॅनलला किमान, कमाल आणि प्राधान्य लावलेलं असतं आणि ते लावणारी कंपनी असते. म्हणून एकाच कंपनीत एक चॅनल लखलखीत आणि त्याच्याच शेजारचा पुसट, असंही दिसतं.

याचा परिणाम कुठे दिसतो? मैदानावरच्या गवतात. चेंडूमागे कॅमेरा झपकन वळतो तेव्हा नीट बघा. बिटची चणचण असलेल्या चॅनलवर गवताचा एक सपाट हिरवा डाग होतो. कॅमेरा थांबला की जेमतेम अर्ध्या सेकंदाने गवताची पाती, कापणीचे पट्टे, सगळं हळूच परत उगवतं, जणू कोणी धुरकट काच पुसली. कारण असं की एन्कोडर प्रत्येक चौकट नव्याने पाठवत नाही, बहुतेक वेळा मागच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. कॅमेरा फिरला की सगळंच बदलतं, बिट पुरत नाहीत आणि बारकाव्यांचा पहिला बळी जातो. बक्षीस समारंभात उडणारे चकाकते कागद, पोहण्याच्या शर्यतीतलं उसळतं पाणी, फोटोग्राफरांचे एकापाठोपाठ एक फ्लॅश ही सगळी अशीच परीक्षा घेणारी दृश्यं आहेत. अंधाऱ्या दृश्याची तऱ्हा वेगळी: दिव्याभोवतीचा उजेड अलगद विरत जाण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. उलट, स्टुडिओत बसलेल्या निवेदकाचा चेहरा ५ मेगाबिटलाही सुरेख दिसतो. दुकानातल्या टीव्हीवर किंवा मित्राकडे ओझरतं बघून मत बनवू नका ते याचसाठी.

मित्राचं चित्र चांगलं का, याची कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात. पहिलं कारण जागेचं. उपग्रहावर कॅरियरसारखंच काम ट्रान्सपॉन्डर करतो. ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपॉन्डरमध्ये जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीने साधारण ३८ मेगाबिट जायचे. २००५ मध्ये मंजूर झालेल्या डीव्हीबी-एस२ ने तेवढ्याच जागेत सुमारे तीस टक्के जास्त जातात. दुसरं, कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची पद्धत. एमपेग-२ या जुन्या कोडेकला जे काम करायला १६ मेगाबिट लागत, ते २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ ला साधारण निम्म्यात जमतं आणि २०१३ च्या एचईव्हीसीला त्याच्याही निम्म्यात. त्यामुळे दोन कंपन्यांचे नुसते बिटरेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आत कोडेक कोणता आहे ते बघावं लागतं. घरोघरी जुने बॉक्स पडलेले असतील तर कंपनीला नवा कोडेक सगळीकडे लावता येत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तिसरं, चित्र किती वेळा दाबलं गेलं. चॅनलवाला आपला फीड दाबूनच पाठवतो. काही कंपन्या तो जसाच्या तसा पुढे सरकवतात, काही तो उलगडून पुन्हा दाबतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरांचं जे होतं तेच इथे होतं, आणि एकदा गेलेला बारकावा कुठल्याही टीव्हीला परत आणता येत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या सेवेत ट्रान्सपॉन्डरची अडचण नाही, पण तिथे तुमच्या लाइनचा वेग बघून बिटरेट वर-खाली होतो. सुरुवातीला धूसर आणि मग एकदम स्वच्छ, हे तिथलं लक्षण.

नव्या चॅनलच्या पहिल्या महिन्यांत आणखी एक गोष्ट होते. चॅनल एचडी, पण त्यावरचे बरेचसे कार्यक्रम जुन्या मापात चित्रित केलेले आणि ताणून मोठे केलेले. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतील, किंवा माणसं किंचित रुंद दिसत असतील, तर ते हेच. चॅनलचा कोपऱ्यातला लोगो धारदार आणि मागचं चित्र पुसट, ही सगळ्यात सोपी खूण. अशा वेळी कंपनी काहीच करू शकत नाही.

हे सगळं तुमच्याच वाट्याला आलंय असं समजू नका. २००९ च्या ऑगस्टमध्ये बीबीसी एचडीचा बिटरेट १६ वरून ९.७ मेगाबिटवर आणला गेला. नवे एन्कोडर जास्त कार्यक्षम आहेत, चित्राला धक्का लागत नाही, असं बीबीसीचं म्हणणं होतं. फरक दिसतो असं म्हणणारे प्रेक्षक दीर्घकाळ तक्रारी करत राहिले. अमेरिकेत अँटेनावरच्या एका केंद्राला ६ मेगाहर्ट्झमध्ये १९.३९ मेगाबिट मिळतात. सुरुवातीला बरेच जण ते जवळजवळ सगळे एकाच एचडी चॅनलला देत. मग त्यातच आणखी उपचॅनल बसवले गेले आणि मुख्य चॅनलचा वाटा आक्रसला. जाता जाता एक सांगतो, मोठा आकडा म्हणजे चांगलं चित्र असंही नाही. तिथल्या एबीसी आणि फॉक्स या कंपन्यांनी ७२०पी निवडलं, सीबीएस आणि एनबीसीने १०८०आय. १०८०आयमध्ये एका वेळी निम्म्याच ओळी येतात, ७२०पीमध्ये दर वेळी पूर्ण चौकट येते, त्यामुळे वेगवान खेळात ७२०पी अनेकदा जास्त सुटसुटीत दिसतं.

सिग्नलबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण तुम्हाला दिलेलं उत्तर अर्धवट आहे. डिजिटल सिग्नल कमजोर झाला की चित्राचे ठोकळे होतात, ते अडकतं, आवाज तुटतो, शेवटी पडदा काळा होतो. चित्र पुसट होत नाही. सिग्नल ६० टक्के दाखवो की ९५, बॉक्समध्ये येणारे आकडे तेच. म्हणून डिश हलवून, वायर बदलून किंवा महागडी एचडीएमआय केबल आणून पुसटपणा जाणार नाही. ‘सिग्नल उत्तम आहे’ हे त्या माणसाने खरंच सांगितलं, फक्त तुमची तक्रार सिग्नलची नव्हती.

आधी आपल्या बाजूची खात्री करून घ्या. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट ५७६ वर अडकलेलं नाही ना ते बघा, असं कितीतरी घरांत निघतं. टीव्हीतला शार्पनेस शून्याजवळ आणा. तो वाढवल्याने बारकावे येत नाहीत, कडांभोवती पांढरी रेघ येते आणि ठोकळे जास्त उठून दिसतात. चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करा. मग जमलं तर मित्राचा बॉक्स त्याच्या घरी, त्याच्याच जोडणीवर राहू द्या आणि तुमचा टीव्ही तिकडे न्या. तेही अवघड असेल तर एकच सामना दोघांनी रेकॉर्ड करा आणि कॅमेरा वळतानाचा एकच क्षण थांबवून बघा. तुमच्या टीव्हीवर मित्राचा फीड स्वच्छ दिसला तर टीव्हीचा विषय तिथेच संपला.

राहिली तक्रार. त्या तीन चॅनलनंतर आमच्याकडे खूप फोन आले. जवळजवळ सगळे ‘पिक्चर खराब आहे’ एवढंच सांगायचे, आणि ‘सिग्नल तपासला, ठीक आहे’ असा शेरा मारून ते बंद व्हायचे. हे मी स्वतः केलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका निवृत्त गृहस्थांचा कागद आला. त्यात त्यांनी चॅनलचं नाव, तारीख, घड्याळातली वेळ मिनिटासकट आणि पुढे ‘चेंडू सीमारेषेकडे जाताना गवत पुसलं जातं, थांबल्यावर दोन पापण्यांत परत येतं’ असं लिहिलं होतं. अशा सात नोंदी होत्या. आमच्या वरिष्ठांनी त्या वेळांचं रेकॉर्डिंग काढलं, शेजारी मल्टिप्लेक्सरचा आलेख लावला. सातही वेळा सगळ्या पट्ट्या छताला टेकलेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन चॅनल जरा रिकाम्या असलेल्या दुसऱ्या कॅरियरवर हलवून घेतले. त्या संध्याकाळी सामना होता. आम्ही दोघं मॉनिटरसमोर उभे राहून फक्त गवत बघत होतो, कॅमेरा वळला आणि पाती जागच्या जागी होती.

तुम्ही तसाच कागद करा. चॅनल, तारीख, मिनिट, दृश्य. निदान पाच नोंदी. सिग्नलबद्दल विचारायचं नाही हे वर ठळक लिहा, आणि हा चॅनल कोणत्या कॅरियरवर किंवा ट्रान्सपॉन्डरवर आहे, तिथे नवे किती चढवले आणि आता सरासरी बिटरेट किती, एवढे तीन प्रश्न थेट तांत्रिक विभागाच्या नावाने लेखी विचारा.