रुनी गेला, मंग मी कोणाचा?

प्रश्न: भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी सहा एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. फुटबॉलवाला वेन रुनी मँचेस्टर युनायटेडले होता तवापासून मी त्याचा फॅन, तो इंग्लंडच्या डर्बी काउंटी क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, झाला तं मीबी डर्बीचा झालो. 2022 ले टीम खालच्या लीगमंधी गेली तरी तिथले लोकं त्याच्या नावानं गाणे म्हणून राहिले होते अन् मी इकडं मोबाईल धरून रडून राहिलो होतो. तवापासून पोट्टे चिडवतात, का हरलेल्या मॅनेजरले कोणी डोक्यावर घेते काय बे? आता तं रुनीबी कधीचाच गेला. मी डर्बीचा राहू का रुनीचा? अन् तो येडेपणा होता काय?

उत्तर: येडेपणा काहून असंल बाप्पा. आधी त्या पोट्ट्यांना हिशोब दाखव. त्या सीझनला डर्बीनं 46 पैकी 14 मॅच जिंकल्या, 13 ड्रॉ केल्या, म्हणजे मैदानावर कमावलेले पॉइंट 55, आरामात वाचले असते. पण लीगनं 21 पॉइंट कापले. सप्टेंबर 2021 मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, आपल्याकडे सोसायटी बुडाली की प्रशासक बसतो ना तसंच, त्याचे 12, आणि खेळाडूंच्या किमतीचा खर्च वह्यांमध्ये कसा दाखवला यावरून आणखी 9. उरले 34, नंबर तेविसावा. त्याच्या आधी 2018 ला क्लबचं स्टेडियम मालकानं स्वतःच्याच कंपनीला सुमारे 8 कोटी पौंडांना विकलं होतं, म्हणजे उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात, आणि हे सगळं करून शेवटी तो बाजूला झाला. मागे राहिला मॅनेजर. नवीन खेळाडू पैसे देऊन घ्यायची सोय नाही, म्हातारे आणि कोवळे पोट्टे घेऊनच खेळायचं.

रुनी लय मोठा मॅनेजर होता असं माझं म्हणणं नाही हं. आदल्या सीझनला, तेव्हा पॉइंटबिइंट काही कापलेले नव्हते, तरी डर्बी शेवटच्या दिवशी एका पॉइंटनं वाचली होती. पण जानेवारी 2022 ला एव्हर्टननं त्याला मॅनेजरच्या जागेसाठी विचारलं, ज्या क्लबमध्ये तो लहानाचा मोठा झाला तो क्लब, पगार वेळेवर, डोक्याला ताप कमी, आणि हा नाही म्हणाला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला बर्मिंगहॅमशी मॅच होती, आधी हजारो लोकांनी क्लब वाचवा म्हणून मोर्चा काढला, स्टेडियम गच्च, टीम 2-0 नं मागे, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल, दुसरा तर 96 व्या मिनिटाला डर्बीच्या बिएलिकनं उलटं होऊन मारलेला. ड्रॉच झाला, पण तो गोल पुन्हा लावून पहा, लोक कसे एकमेकांच्या अंगावर पडून राहिलेत ते.

आमच्या तालुक्याच्या सूतगिरणीत माझे काका होते. सात महिने पगार नाही, संचालकांपैकी कोणी फोन उचलत नाही, आणि स्पिनिंग मास्तर मात्र रोज सकाळी सायकलवर यायचे, हजेरीचं मस्टर उघडायचे, बंद रिंगफ्रेमवरची कापसाची धूळ फडक्यानं पुसायचे. गिरणी काही सुरू होणार नव्हती, ते त्यांनाही माहीत होतं. काका म्हणायचे, मास्तर येऊन राहिले तोवर आपली गिरणी आहे. पुढे मास्तरांना गुजरातमध्ये नोकरी लागली तेव्हा कोणी म्हटलं नाही का सोडून चालले, उलट एसटी स्टँडवर बायांनी डब्यात पिठलं-भाकर आणि ठेचा बांधून दिला. रुनीनंही जून 2022 मध्ये राजीनामा दिला, लोकांना वाईट वाटलं, पण शिव्या फारशा कोणी दिल्या नाहीत.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. हाच रुनी ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच बर्मिंगहॅमला मॅनेजर म्हणून गेला. मालक नवीन, पैसेवाले, टीम सहाव्या नंबरवर होती. 15 मॅचमध्ये फक्त 2 जिंकला, टीम विसाव्या नंबरवर आली, फॅन्सनी हुर्यो केली, आणि 2 जानेवारी 2024 ला त्याला काढलं. माणूस तोच ना? म्हणून मला वाटते तू डर्बीचाच आहेस, फक्त तुला डर्बीची ओळख रुनीनं करून दिली. क्लब तिथल्याच एका फॅन बिझनेसमननं घेऊन वाचवला, 2024 ला टीम वरच्या लीगमध्येही परत आली. शनिवारी संध्याकाळी लाईट असली तर स्कोअर पाहत जा.

प्रश्न: आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष वर्गणीचा हिशोब देत नाही. पोट्टे कोच सरांवरच चिडून आहेत. काय करावं?

उत्तर: सरांच्या हातात पावतीबुक होतं का, ते आधी विचारा. नसेल तर त्यांच्यावर कायले चिडता? मंडळ रजिस्टर असेल तर दरवर्षी ऑडिट करून हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यावा लागतो, तिथे अर्ज करून नक्कल मागा. अर्जावर पाच-सहा जणांच्या सह्या घ्या, एकट्याचं नाव टाकू नका, गाव लहान आहे. आणि सरांचं मानधन किती थकलं तेही विचारून घ्या, बहुतेक आजवर कोणी विचारलं नसेल.